उसना पिचर

लिअँडर टीलनला या सगळ्यातून मिळण्यासारखं काय होतं, ते आधी मांडलेलं बरं. चषक मिळाला असता तर तो लीजनच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या क्लबच्या, बारमधल्या कपाटात गेला असता. फोटो निघाला असता, तर त्यात खेळणारे उभे राहिले असते. लिअँडर बत्तीस वर्षं जुन्या घडीच्या खुर्चीत जाळीमागे बसणारा माणूस, वय अडुसष्ट, दुधाच्या टँकरवरून निवृत्त. त्याला मिळणार होती एकच गोष्ट: आपलं मत कुणीतरी ऐकलं, याचा पुरावा. होल्झबर्गच्या बेसबॉल टीमचा कॅचर, म्हणजे बॅटरमागे बसून चेंडू धरणारा, कोण असावा आणि पहिल्या इनिंगला पिचर म्हणून, म्हणजे चेंडू टाकायला, कुणी उभं राहावं, यावर त्याने एकतीस हंगाम मत दिलं होतं. आजवर ते फुकट दिलं होतं आणि त्याच भावाने घेतलं गेलं होतं.

एवढं मात्र खरं की मत देण्याचा अधिकार त्याने कमावला होता. टीमची वही तो लिहायचा. प्रत्येक मॅच, प्रत्येक इनिंग, प्रत्येक चेंडू. पेन्सिल दोन इंचांची झाली की नवी काढायची, जुनी टोपीत खोचायची. बारमध्ये वाद झाला, अमुक वर्षी अमक्याने किती मारले होते, की माणसं भांडण अर्धवट ठेवून त्याला फोन करायची. पंधरा मिनिटांत तो वही घेऊन हजर. त्या वहीने दोन लग्नं मोडता मोडता वाचवली आहेत आणि एक भागीदारी खरोखरच मोडली आहे.

त्याची मतं सगळ्या गावाला पाठ होती. "पिचर हवामानासारखा असतो," तो म्हणायचा. "त्याच्याबद्दल नुसती तक्रार करता येते. कॅचर मात्र आपण ठेवतो म्हणून असतो." आमच्या पिचरांबद्दल त्याच्याकडे तक्रारींचा साठा होता. रॉस ब्रिंकर, शाळेत सुतारकाम शिकवणारा, आमचा पहिल्या नंबरचा पिचर. "पोरांचे पेपर परत करावेत तसा चेंडू टाकतो," लिअँडर म्हणायचा, "सावकाश आणि निराश होऊन." दुसरा नेथन फुक्स. "चार इनिंग देवमाणूस. पाचव्याला त्याच्या लक्षात येतं की लोक बघतायत."

पण सगळा राग शेवटी येऊन थांबायचा तो कॅचरपाशी. कॅचर होता ड्वेन हेनन, वय एकोणचाळीस, ट्रॅक्टरच्या दुकानातला मेकॅनिक, आणि लिअँडरच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. एकोणीस हंगाम बॅटरच्या पायाशी असलेल्या प्लेटमागे उकिडवा बसलेला. त्याचे गुडघे उठताना असा आवाज करायचे की अंपायरने एकदा विचारलं होतं, बॅट तडकली का म्हणून. यंदा त्याच्या हातून अकरा चेंडू सुटले होते. लिअँडरकडे ते तारखेसकट होते.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, पुढे लागेल. पिचरने टाकलेला चेंडू मागे गेला आणि बेसवरचा माणूस पुढे सरकला, की वही लिहिणाऱ्याला ठरवावं लागतं, चूक कुणाची. चेंडूच वेडावाकडा होता, आवाक्यात नव्हता, किंवा प्लेटच्या आधी जमिनीवर आपटला, तर तो 'भरकटलेला', पिचरच्या नावावर. साध्या प्रयत्नाने धरता आला असता, तर तो 'सुटलेला', कॅचरच्या नावावर. तिसरा रकाना नाही.

त्या ऑगस्टमध्ये बावीस वर्षांनी आम्ही विभाग जिंकलो. कसं ते विचारू नका. रॉस निराश होता, पण समोरचे त्याहून निराश निघाले. विभाग जिंकला की राज्य स्पर्धा, आणि राज्य स्पर्धेला जाणाऱ्या टीमला एक मुभा असते: विभागातल्या हरलेल्या टीमांकडून तीन पिचर उसने घेता येतात. फक्त पिचर. कॅचर नाही, बॅटर नाही. ज्या माणसाला तुम्ही जूनपासून शिव्या घातल्या, त्याला ऑगस्टमध्ये आपला शर्ट घालायला द्यायचा, आणि त्याच्या आईने आपल्या बाजूला खुर्ची मांडली की तिला सॉसेज आणून द्यायचं. आमच्याकडे यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

सोमवारी पाच वाजता लीजनच्या मागच्या खोलीत बैठक. मॅनेजर व्हर्जिल कीक्ली, पशुखाद्याचा विक्रेता, कधीच कुणाला नाही न म्हणणारा. म्हणून तर मॅनेजर. त्याने लिअँडरला बोलावलं होतं, कारण विभागातल्या प्रत्येक पिचरचा हिशोब त्याच्या वहीत होता. लिअँडर इस्त्रीचा शर्ट घालून आला. तिथेच आम्हाला कळायला हवं होतं.

पहिल्या दोन नावांवर वाद झाला नाही. तिसऱ्याला लिअँडरने वही उघडली.

"ब्रोडी ओस्टेनडॉर्फ," तो म्हणाला.

खोलीत कुणीतरी ग्लास खाली ठेवला. ओस्टेनडॉर्फ सेंट ओडिलचा. सेंट ओडिल आमच्यापासून सहा मैल. तिथली माणसं चर्चमध्ये मिस्सालाही आपल्याला बघून बाक बदलतात, आणि आपणही.

"सेंट ओडिलचा माणूस आपल्या शर्टात?" व्हर्जिल म्हणाला. "माझे वडील थडग्यातून उठतील."

"उठू देत. तिकीट काढून बसतील," लिअँडर म्हणाला. "एकवीस वर्षांचा पोरगा. यंदा आपल्याविरुद्ध सतरा इनिंग, आपले रन दोन. त्यातला एक मधमाशीमुळे. त्याचा तो बुडता चेंडू बघितलाय ना? छातीएवढा येतो आणि प्लेटपाशी आला की विहिरीत पडल्यासारखा जातो."

"बघितलाय," ड्वेन म्हणाला. तो दाराला टेकून उभा होता, नखांत ग्रीस. "बॅटरला दिसत नाही. कॅचरलाही दिसत नाही, मामा. त्यांचा कॅचर वर्षभर तो धरतोय म्हणून धरतो. तो कॅचर आपल्याला मिळणार नाही."

"म्हणूनच म्हणतो, कोडीला बसव."

कोडी स्टँगल वीस वर्षांचा, कॉलेजात कॅचर, यंदा आमच्याकडे चार मॅच खेळलेला. तो कोपऱ्यात सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. सोलायचा थांबला.

"चार मॅच, सुटलेले चेंडू शून्य," लिअँडरने वाचून दाखवलं. "तुझे यंदाचे अकरा, ड्वेन. गेल्या वर्षी नऊ. मी काही मनाचं सांगत नाही."

"मनाचं नाही, वहीचं सांगतोयस." ड्वेन हसला, पण दारापासून हलला नाही. "सहाव्या इनिंगला मी रॉसकडे चालत जातो आणि काहीतरी सांगतो, मग तो पुढचे तिघे आउट करतो. त्याला तुझ्या वहीत रकाना आहे का?"

"काय सांगतोस असं?"

"की पोट सुटलंय, मान वर ठेव, म्हणजे खाली दिसणार नाही."

रॉससुद्धा हसला. लिअँडर हसला नाही. त्याच्यासाठी हा एकतीस वर्षांनी आलेला सोमवार होता.

व्हर्जिलने सगळ्यांकडे बघितलं, मग वहीकडे. माणसांपेक्षा वहीला नाही म्हणणं त्याला जास्त अवघड गेलं. रविवारी राज्य स्पर्धेची पहिली मॅच. हरलं की घरी. ओस्टेनडॉर्फ टाकणार, कोडी धरणार, ड्वेन बाकावर. जिंकलोच तर पुढच्या मॅचला रॉस आणि ड्वेन.

"बावीस वर्षांनी जातोय आपण," ड्वेन म्हणाला. कुणाला उद्देशून म्हणाला ते कळलं नाही. "मागच्या खेपेला मी शाळेत होतो. या खेपेला बाकावर. प्रगती आहे." आणि तो ग्रीसचे हात धुवायला गेला.

गुरुवारी संध्याकाळी सराव. ओस्टेनडॉर्फ आपल्या ट्रकमधून आला, उंच, लाजाळू, सेंट ओडिलची टोपी उलटी घालून, म्हणजे नाव मागे गेलं. लिअँडरने व्हर्जिलला आधीच सांगून ठेवलं होतं: ड्वेनला सुट्टी दे, त्याचे गुडघे वाचतील, आणि सगळे चेंडू कोडीला धरू दे. व्हर्जिल 'बरं' म्हणाला होता.

त्या सरावात एक गोष्ट ठरली. कॅचर दोन मांड्यांमध्ये बोटांनी खूण करतो, कुठला चेंडू हवा ते. एक बोट वेगाचा, दोन वळणारा, चार बुडता. पण शत्रूचा माणूस पिचरच्या मागे, दुसऱ्या बेसवर उभा असला की त्याला ती बोटं समोर दिसतात. म्हणून तेव्हा लागोपाठ तीन-चार खुणा करायच्या, त्यातली एकच खरी. कुठली, हे गावोगावचं वेगळं. होल्झबर्गची पद्धत आजोबांच्या काळापासूनची: जितके आउट, त्यात एक मिळवायचा. एकही आउट नसेल तर पहिली खूण खरी, एक आउट असेल तर दुसरी, दोन आउट असतील तर तिसरी. सेंट ओडिलमध्ये एवढं गणित नाही. तिथे कायम दुसरी खरी.

"पोराला कशाला बेरीज शिकवता?" लिअँडर म्हणाला. "त्याचंच ठेवा. कायम दुसरी. कोडी, लक्षात राहील?"

"दुसरी," कोडी म्हणाला.

"आणि ड्वेन?" ओस्टेनडॉर्फने विचारलं. लाजाळू होता पण बावळट नव्हता. "समजा त्यांना यावं लागलं तर?"

"मी सांगतो त्याला," लिअँडर म्हणाला. "भाचा आहे माझा."

शुक्रवारी लीजनमध्ये माशांचं जेवण. लिअँडर आणि ड्वेन एकाच लांब टेबलाच्या दोन टोकांना बसले. मध्ये अकरा माणसं आणि कोबीच्या सॅलडचं भांडं. लिअँडरने ते भांडं ड्वेनकडे सरकवायला सांगितलं. आणखी काही सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी ड्वेन मामाच्या घरी आला. गवत कापायच्या गाडीचा पट्टा तुटला होता आणि रोझेला मामीने मंगळवारीच त्याला फोन केलेला. तो पाऊण तास गाडीखाली आडवा होता. लिअँडर शेजारी उभा राहून एकेक पाना देत होता.

"तेरा नंबर दे."

"हा घे."

"उद्या वारा आहे म्हणे, डावीकडून."

"रेडिओवर मी पण ऐकलं."

"कोडीला आणि बाकीच्यांना सांग, उंच गेलेल्या चेंडूखाली जरा उशिरा जायचं. त्या मैदानावर वारा परत फिरतो. मी टीव्हीवर बघितलंय." ड्वेन गाडीखालून बोलत होता, चेहरा दिसत नव्हता. "मी सांगितलं तर त्याला वाटेल, म्हातारा जळतोय."

"सांगतो," लिअँडर म्हणाला.

ड्वेन निघून गेल्यावर रोझेला अंगणात आली. तिच्या हातात मामा-भाच्यासाठी केलेली कॉफी होती, दोन कप, एक आता जास्तीचा.

"खुणांचं सांगितलंस?"

"वेळच कुठे मिळाला?"

"पाऊण तास उभा होतास की!"

"अगं, तो खेळणारच नाहीये. बाकावरच्या माणसाला खुणा कशाला?" त्याने कप घेतला. "आणि कसं सांगायचं? म्हणजे, तुझी जागा तर घेतलीच, आता तुझ्या खुणाही बदलल्या, असं?"

"हो. असंच."

"उद्या सांगतो."

"उद्या मॅच आहे, लिअँडर."

"मग मॅचच्या आधी."

मॅचच्या आधी रविवारी दीड वाजता तो वहीत विरुद्ध टीमची नावं उतरवत होता. अवघड पोलिश स्पेलिंगं होती. त्यात वेळ गेला. आम्ही दीडशे माणसं चाळीस मैल गाड्या हाकून गेलो होतो. बाकावर वही लिहिणाऱ्याला जागा असते, व्हर्जिलच्या शेजारी. लिअँडर तिथे बसला. ड्वेन दुसऱ्या टोकाला, गुडघ्यांना पट्टे बांधून, कारण नियमाप्रमाणे बांधायला हवेत.

मॅचबद्दल लिअँडरच्या बाजूने जे बोलायचं ते बोललंच पाहिजे. आठ इनिंगपर्यंत त्याचं प्रत्येक मत बरोबर निघालं. ओस्टेनडॉर्फने अकरा जणांना बॅट हवेत फिरवायला लावून परत पाठवलं. बुडता चेंडू खरोखर विहिरीत पडत होता. कोडीने काही छातीने अडवले, काही मास्कने, एकही सुटू दिला नाही. पाचव्या इनिंगला आमचा एक रन झाला, कसाबसा, पण झाला. सेंट ओडिलहून आलेली ओस्टेनडॉर्फची आई आमच्यात बसली होती आणि सातव्या इनिंगपर्यंत तिला चार जणांनी चार सॉसेज आणून दिली होती. लिअँडर प्रत्येक आउटला वहीत चौकोन भरत होता आणि दर वेळी व्हर्जिलकडे एकदा बघत होता. बोलत काही नव्हता. गरजच नव्हती.

आठव्याच्या शेवटच्या चेंडूला बॅटची निसटती कड लागली आणि चेंडू कोडीच्या उजव्या अंगठ्यावर बसला. आउट झाला, पण कोडी बाकावर आला तेव्हा अंगठा भलत्याच दिशेला बघत होता.

"ड्वेन," व्हर्जिल म्हणाला.

ड्वेन उठला. गुडघ्यांचा आवाज सगळ्या बाकाने ऐकला. त्याने मास्क घेतला, कोडीच्या पाठीवर थाप मारली, "झकास धरलेस रे," म्हणाला आणि गेला.

नववी इनिंग, शेवटची. एक-शून्य. आम्ही आधी बॅटिंग केलेली, म्हणजे आता फक्त तीन आउट हवे होते.

पहिला बॅटर गेला. एक आउट. दुसऱ्याला ओस्टेनडॉर्फने चार वाईट चेंडू दिले. तो नियमाप्रमाणे चालत पहिल्या बेसवर. तिसऱ्याने डावीकडच्या रेषेवर उंच मारला. वारा ड्वेनने सांगितला होता तसा परत फिरला, आणि लिअँडरकडून सांगायचं राहून गेल्यामुळे आमचा खेळाडू चुकीच्या जागी धावला. आता माणसं दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर. आउट एक.

दुसऱ्या बेसवर माणूस आला, म्हणजे खुणा चालू झाल्या.

ड्वेन पिचरपाशी जाऊन आला. त्याने नंतर सांगितलं, तो खुणांबद्दल बोलायला गेलाच नव्हता. गुरुवारी संध्याकाळभर पोरगा आमच्या मैदानावर होता, आमची बेरीज शिकवली असणारच, असं तो धरून चालला. ओस्टेनडॉर्फला सांगितलं गेलं होतं की भाच्याला मामा कळवणार आहे. तो ते धरून चालला. ड्वेनने त्याला एवढंच विचारलं, "तुझी आई कुठली रे ती, हिरव्या टोपीची? आमच्या लोकांनी तिचं वजन वाढवलंय." पोरगा हसला. खांदे खाली आले. ड्वेन जे काम करायला गेला होता ते झालं होतं.

आणि पुढचा बॅटर चार चेंडूंत गेला. खुणा बरोबर जुळल्या. एक आउट असताना होल्झबर्गची खरी खूण दुसरी, सेंट ओडिलची खरी खूणही दुसरी. चारही चेंडू दोघांना एकाच हिशोबाने समजले, आणि काहीतरी चुकतंय हे कळायला जागाच राहिली नाही.

दोन आउट.

लिअँडरने चौकोन भरला. दोनचा आकडा लिहून त्याला गोल केला, आणि पेन्सिल तिथेच थांबली. दोन अधिक एक. ड्वेनची तिसरी. पोराची दुसरी.

"काय झालं?" व्हर्जिलने विचारलं.

नवा बॅटर पायाने माती सारखी करत होता. अंपायर प्लेट झाडत होता. आरामात वीस सेकंद होती. बाकावरून कुणीही हात वर करून खेळ थांबवू शकतो. फक्त नंतर सांगावं लागतं, कशासाठी थांबवला ते. व्हर्जिलला, कोडीला, बाकावरच्या पंधरा जणांना. तो गुरुवारपासूनचा हिशोब दीडशे माणसांसमोर करावा लागला असता.

"काही नाही," लिअँडर म्हणाला. मग तोंड उघडलं, "व्हर्जिल, ऐक..." आणि तोवर ओस्टेनडॉर्फचा हात वर गेला होता.

ड्वेनने तिसऱ्या खुणेने वेगाचा मागितला होता, बाहेरच्या कडेला, आणि ग्लव्ह तिथे धरला होता. आला तो दुसऱ्या खुणेचा बुडता, आतल्या बाजूला. ड्वेन गुडघ्यावर वळला. एकोणीस हंगाम वळलेला गुडघा शेवटी जेवढा वळायचा तेवढाच वळला. चेंडू ग्लव्हच्या टोकाला लागून मागच्या सिमेंटच्या कठड्यावर गेला आणि तिथून पहिल्या बेसच्या बाजूला लांबवर घरंगळत राहिला. तिसऱ्या बेसवरचा माणूस चालत प्लेटवर आला तरी चाललं असतं. दुसऱ्यावरचा पळत आला. दोन-एक. संपलं.

त्यांची माणसं मैदानात धावून एकमेकांवर पडत होती. त्या ढिगाऱ्याच्या कडेला आमचे दोघे उभे होते.

"दुसरी!" ओस्टेनडॉर्फ जवळजवळ रडत होता. "कायम दुसरी ठरली होती!"

"दोन आउट आहेत. तिसरी," ड्वेन म्हणाला.

"तो वहीवाला म्हणाला, तुम्हाला सांगतो म्हणून."

ड्वेनने मास्क काढला आणि बाकाकडे बघितलं. फार वेळ नाही. मग त्याने चेंडू उचलून अंपायरला नेऊन दिला, कारण तो कुणीतरी द्यायला हवा होता.

पार्किंगमध्ये ट्रकांची मागची फळकुटं उघडली गेली, बिअर निघाली, बटाट्याचं सॅलड निघालं. हरलो म्हणून कुणी उपाशी जात नाही. जिंकलेल्या टीमची वही लिहिणारी एक चष्मेवाली बाई वही छातीशी धरून आली. दोन्ही वह्या जुळवून तक्ता लीगला पाठवायचा असतो.

"शेवटचा चेंडू मी रिकामा ठेवलाय," ती म्हणाली. "पिचर तुमचा, कॅचर तुमचा. भरकटला की सुटला, तुम्हीच सांगा. मी तसं लिहिते."

लिअँडर फळकुटावर बसला होता, वही मांडीवर. भोवती माणसं जमली.

"भरकटलेला लिही," रॉस ब्रिंकर म्हणाला. "ओस्टेनडॉर्फच्या नावावर."

"अर्थात! सेंट ओडिलच्या खात्यावर जाऊ दे," मागून कुणीतरी म्हणालं. "त्यासाठीच तर उसना आणला."

"त्याची आई इथेच आहे," दुसरं कुणी कुजबुजलं.

"मग हळू लिही."

थोडे हसले. ओस्टेनडॉर्फ दोन ट्रक पलीकडे बुटांच्या नाड्या सोडत होता. त्याने वर बघितलं नाही. बारक्याशा मेहरबानीची किंमत किती असते, हे त्या वेळी लिअँडरच्या चेहऱ्यावर दिसत होतं. 'भरकटलेला' लिहिलं असतं तर भाचा सुटत होता, गाव खूश होत होतं, आणि ओस्टेनडॉर्फला आणायचं मत तेवढं चुकीचं ठरत होतं. एका मताची काय मोठीशी बाब? लिअँडरने पेन्सिल टेकवली.

"मामा."

ड्वेन गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या बांधून शेजारच्या खुर्चीत बसला होता.

"जमिनीला लागला नव्हता," तो म्हणाला. "ग्लव्हला लागला. आवाक्यातला होता. काय लिहायचं ते तुला माहीत आहे."

"ड्वेन, अरे, तुला कुठे माहीत होतं की..."

"वहीत 'माहीत नव्हतं' असा रकाना आहे?"

चष्मेवाली बाई एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिली.

"नाही," लिअँडर म्हणाला.

"मग लिही. पोरगा नऊ इनिंग उसन्या शर्टात छान खेळलाय. त्याच्या नावावर कशाला घालतोस?"

लिअँडरने लिहिलं. बाईला दाखवलं. तिने उतरवून घेतलं, "छान मॅच झाली हो," म्हणाली आणि गेली. त्या एका शब्दामुळे दोन्ही रन ओस्टेनडॉर्फच्या खात्यातून पुसले गेले. कॅचरच्या चुकीचे रन पिचरला लागत नाहीत. त्याच्या आईने जाताना आमचं सॅलडचं भांडं धुऊन परत केलं.

त्या हिवाळ्यात ती वही नेहमीसारखी लीजनच्या कपाटात आली. बारमध्ये अजून वाद चालतो, चूक कुणाची होती. खुणांची हकीकत आता सगळ्यांना माहीत आहे, कारण व्हर्जिलला नाही म्हणता येत नाही तसं गप्पही बसता येत नाही. ड्वेनने मार्चमध्ये पट्टे आणि मास्क कोडीला देऊन टाकले. मामाकडे तो अजून जातो. गाडीचा पट्टा तुटला की दुरुस्त करतो, पाने स्वतःचे आणतो. लिअँडर अजून जाळीमागे बसून वही लिहितो. कॅचरबद्दल त्याने वर्षभरात एकही मत दिलेलं नाही. गावाला याची इतकी सवय नव्हती की दोघातिघांनी रोझेलाला तब्येतीबद्दल विचारलं.

मी ते पान काढून बघितलं. प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ असते, शेऱ्यासाठी. त्यात बहुतेक वेळा हवामान लिहितात. त्या दिवशीच्या ओळीत लिअँडरच्या बारीक अक्षरात आहे: 'वारा डावीकडून. कॅचरला खूण कळवलेली नव्हती. कळवायचं काम एल. टीलनचं होतं.'

पण लीगच्या तक्त्यात शेऱ्याची ओळ उतरवत नाहीत. तिथे त्या मॅचचा हिशोब असा आहे. ओस्टेनडॉर्फ: नऊ इनिंग, त्याला लागलेले रन शून्य. स्टँगल: आठ इनिंग, सुटलेले शून्य. टीलन हे नाव तक्त्यात नाही. हेनन: एक इनिंग, सुटलेले एक.